अळणी नैवेद्य

टोपावरचं झाकण सरकवायचं, तळव्याने वाफ नाकाकडे ओढायची, क्षणभर डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "झाला." देवबागच्या आमच्या काकीची स्वयंपाकाची परीक्षा एवढीच. आमटीचा थेंब तळहातावर घेऊन चाटणाऱ्या आचाऱ्यांकडे ती बघायचीसुद्धा नाही. नैवेद्य दाखवण्याआधी रांधलेलं चाखायचं नाही, हे तिला आईने शिकवलं होतं, आणि तिच्या लेखी कुठलीही पंगत आधी देवाची, मग माणसांची. मीठ ती मुठीने घालायची. ते कधी कमी-जास्त झालेलं मी पाहिलं नाही. तुमच्याही गावात असा एखादा हात असेलच.

मी जामसंड्याचा, शाळेत इतिहास शिकवतो. आम्ही काही इतिहासवेडी मंडळी दर हिवाळ्यात देवबागच्या वाटेवरच्या एका माडांच्या बागेत दोन दिवसांचं शिवकालीन शिबिर भरवतो. पुण्या-कोल्हापूरकडची ऐंशीएक मुलंमुली येतात, बाराबंदी घालतात, तंबूत झोपतात, दांडपट्टा फिरवून खांदे दुखवून घेतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्या काळातली पंगत जेवतात. डोक्याला पगडी, डोळ्यांना चष्मा लावून सगळ्यांना नियम सांगत सुटलेला एक इसम तिथे दिसतो. तो मी.

पहिल्या वर्षी काकीला स्वयंपाकाचं सांगायला गेलो, तेव्हा मी नियमांची यादीच वाचून दाखवली.

"मिरची नाही. बटाटा नाही, टोमॅटो नाही. काजू नाही. ही सगळी फिरंग्यांनी आणलेली."

"काजू नाय? आमचो काजू?"

"तोही त्यांचाच."

"आणि चाय?"

"चहा तर नाहीच नाही."

तिने कपाळाला हात लावला. "चाय नाय? मगे त्येनी राज्य केल्यानी कसा?"

मिरची तोवर कोकणात पोचली असणार, असं आमच्यातल्या एकाचं म्हणणं होतं. ते मी आवाज चढवून पाडलं होतं. काकीने मात्र वाद घातला नाही. मिरी, सुंठ, तिरफळं आणि भाजलेलं खोबरं एवढ्यावर तिने काळ्या वाटाण्याचं असं सांबारं केलं, की पुण्याची पोरं नाक पुसत तिसऱ्यांदा वाढून घेत होती. चहाचा नियम तेवढा तिने मोडला. सकाळी डोकं धरून बसलेले मावळे एकेक करून तिच्या चुलीमागे जायचे आणि हसत बाहेर यायचे. मी एकदा जाऊन उभा राहिलो, तर तिने माझ्याही हातात मातीचं भांडं दिलं. "काढो आसा, मास्तरांनू. तुमच्या राजाच्या टायमाचो." काढ्यात दूध होतं, साखर होती. मी मुकाट्याने प्यालो आणि तेव्हापासून माझी जीभ बांधली गेली.

चूल पेटवण्याआधी आणि नैवेद्य ठेवताना ती देवाला गाऱ्हाणं घालायची. आमच्याकडे हे काम पुरुषांचं. पण चुलीपुढे तिच्यावर कोण हुकूम चालवणार? बागेच्या कोपऱ्यात वडाखाली राखणदार देवाचा दगड आहे. तिथे हात जोडून ती सगळं बोलायची. शहरातली पोरं आली आहेत, त्यांना विंचूकाटा नको, कुणाचं पोट बिघडायला नको. प्रत्येक वाक्याला आम्ही मागून "होय म्हाराजा" म्हणायचो. पोरांना ती गंमत वाटायची आणि मग वाटेनाशी व्हायची.

पाचव्या वर्षी तिला न्यायला गेलो तेव्हा सुनेने मला बाजूला घेतलं. "सर, आईक हल्ली आठवणा नाय. गेल्या म्हयन्यात गॅस चालू ठेवन शेजारी जावन बसली. घरात मी तिका चुलीकडे फिरकूक देनंय नाय. ह्या एकदा न्हेवा, पण काय चुकला तर मगे बस."

काकीने ते ऐकलं होतं. रिक्षात म्हणाली, "मास्तरांनू, घरात माका कोण कांदोसुद्धा चिरूक देणत नाय. ह्या वर्साचा नीट होवंदे. मगे पुढल्या वर्साक माका कोण अडवूचा नाय."

पंगतीच्या दिवशी मी सकाळपासून तिच्याजवळच होतो. भात झाला, अळूची भाजी झाली, भाकऱ्यांची चळत लागली. सांबाऱ्याचा मोठा टोप उकळत होता. तेवढ्यात एका मावळ्याच्या तंबूत बटाट्याचे वेफर सापडल्याची तक्रार आली, आणि मी नियमांचा माणूस तावातावाने तिकडे धावलो. परत आलो तर काकी टोपापुढे उभी होती. मुठीत जाडं मीठ होतं आणि मूठ उघडत नव्हती.

"मास्तरांनू," ती हळूच म्हणाली, "मी मीठ घातलंय काय हो?"

मला माहीत नव्हतं. तिच्या मदतीला दिलेल्या दोघी मुली खोबरं वाटत होत्या, त्यांची टोपाकडे पाठ होती. एका वेफरच्या पुडीसाठी मी तिथून हललो होतो, याचा मला आजही राग येतो.

"मी चाखून बघू?"

"निवेद दाखवल्याबगर?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पळीकडे नेलेला हात मागे घेतला.

तिने मीठ परत मडक्यात टाकलं. केळीच्या पानावर भात वाढला, त्यावर तेच सांबारं घातलं आणि वडाकडे निघाली. पंगतीला अजून अवकाश होता, त्यामुळे मागे मी एकटाच होतो.

"बा देवा म्हाराजा," ती म्हणाली, "आज तुज्या लेकराची याद गेली हा. मीठ पडला काय नाय, माका ठावक नाय. आज तूच आधी चाखून बघ. अळणी आसात तर राग माज्यार धर, पोरांच्या पानार नको, रे म्हाराजा!"

मी "होय म्हाराजा" म्हणालो.

परत येऊन तिने पहिल्यांदाच माझ्यादेखत पळीतला थेंब जिभेवर ठेवला. सांबारं अळणी होतं. तिने मुठीने मीठ घातलं, ढवळलं, आणि चुलीशेजारच्या दगडावर बसून राहिली. "तेका अळणी घातलंय मी," एवढंच दोनदा म्हणाली.

पंगत झकास झाली. काय झालं ते कुणालाच कळलं नाही. संध्याकाळी तिला सोडायला गेलो, तेव्हा मी आधीच ठरवून ठेवलेलं सुनेला सांगून टाकलं, "सगळं छान झालं. पुढच्या वर्षीही काकीच हव्यात." खोटं बोलण्याची मला गरज नव्हती, पंगत खरंच छान झाली होती. पण काकी उंबऱ्यातून म्हणाली, "नको गो. आज देवाक अळणी घातलंय. आता माका धाडू नको." आणि आत गेली. तिचा निकाल तिनेच लावला. माझी वकिली तशीच राहिली.

यंदाच्या शिबिरात त्या खोबरं वाटणाऱ्या मुलींनीच सांबारं केलं. तिने शिकवलं होतं तसंच. पंगत उठल्यावर मी एक पान बांधून घेतलं आणि देवबागला गेलो.

काकी पडवीत बसली होती. खूप बारीक झाली होती. मला बघून पाहुण्याला करावा तसा तिने नमस्कार केला. "येवा, बसा." मी पान पुढे ठेवलं. ती सावकाश, मन लावून जेवू लागली. सांबाऱ्याचा दुसरा घास घेताना थांबली.

"बरा झाला हा. कोणी रांदल्यान?"

"आमच्या देवबागच्या काकीने," मी म्हणालो.

"जेवली ती?"

तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, अर्धी भाकरी मोडून भाताशेजारी सरकवली आणि उरलेलं पान नीट दुमडून माझ्यापुढे धरलं.

"ह्या तिका न्हेवन दी. रांदणारा माणूस उपाशीच ऱ्हवता."

"देतो," मी म्हणालो आणि ते पान दोन्ही हातांनी घेतलं.