तासिकेवरचे नरवाडे सर

मुखेडच्या कॉलेजात जावा शिकायला आलेल्या पोरांना पहिल्या दिवशी कॉम्प्युटरला हात लावायला मिळायचा नाही. अश्वजित नरवाडे सर त्यांना लॅबबाहेरच्या व्हरांड्यात आणायचे आणि तिघांना एकामागं एक उभं करायचे. हे पहारेकरी, असं म्हणायचे. प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न. पहिल्यानं विचारायचं, पस्तीसच्या वर मार्क आहेत का? असले तर 'पास' म्हणायचं आणि त्या माणसाला थेट लॅबमध्ये सोडायचं. नसले तर मागच्याकडं पाठवायचं. दुसऱ्यानं साठचं विचारायचं आणि 'फर्स्ट क्लास' म्हणायचं. तिसऱ्याकडं पंचाहत्तर, त्याच्या तोंडी 'डिस्टिंक्शन'. मग बाकीची पोरं आपापले बारावीचे मार्क घेऊन या रांगेतून जायची.

एका वर्षी शिवकन्या नावाची मुलगी आत जाऊन तशीच उलटी बाहेर आली. चेहरा लाल.

"सर, हे चूक हाय."

"काय चुकलं?"

"मला ऐंशी हायेत. ह्या पहिल्यानंच पास म्हणून आत ढकललं. त्या शेवटच्यानं तर मला विचारलंबी न्हाई."

"त्याच्यापर्यंत तू गेलीसच न्हाईस."

"मग त्याला उभं तरी कशाला केलंय?"

व्हरांडाभर हशा पिकला. अश्वजित मात्र खूश झाला. वर्षभर तो या प्रश्नाचीच वाट बघायचा. "आता तूच सांग, कोण कुठं उभा राहील," तो म्हणाला. शिवकन्यानं त्या शेवटच्या पोराला बाहीला धरून ओढत पुढं आणलं, पस्तीसवाल्याला पार मागं नेऊन ठेवलं आणि पुन्हा रांगेत शिरली. या खेपेला तिला डिस्टिंक्शन मिळालं. एवढं झाल्यावर मग तो फळ्यावर इफ, एल्स-इफ, एल्स लिहायचा. तोवर त्या तीन शब्दांची भीती कुणाला उरलेली नसायची.

"कॉम्प्युटर लबाडी करत न्हाई," तो सांगायचा, "पण तुमचं मन वळखून वागतबी न्हाई. तुम्ही ज्या क्रमानं विचाराल त्याच क्रमानं तो बघतो. पहिली खरी अट सापडली की तिथंच थांबतो. खालचं कितीबी चांगलं लिहा, तो तिथवर येत न्हाई."

अश्वजित मुखेड तालुक्यातलाच. वडील मारोती दुसऱ्याच्या रानात मजुरी करून पोराला नांदेडला एम.एस्सी.पर्यंत घेऊन गेले. प्राध्यापक व्हायला लागणारी सेटची परीक्षा तो पहिल्याच फटक्यात पास झाला, तेव्हा विहारात त्याचा सत्कार झाला होता, मारोतीनं आयुष्यात पहिल्यांदा पेढे वाटले होते. त्यानंतर मुखेडच्या कॉलेजात तो तासिकेवर लागला. तासिकेवर म्हणजे जेवढे तास घेतले तेवढंच मानधन. पावसाळ्यात ऑर्डर निघायची, उन्हाळ्यात संपायची, आणि मधल्या महिन्यांत आपण कोण आहोत म्हणून लोकांना सांगायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. कायम जागा निघेपर्यंत एवढं चालवून घ्या, असं प्राचार्य पहिल्या वर्षी म्हणाले होते. त्यानंतर दोन प्राचार्य बदलले. सांगणं तेच राहिलं.

बायको बुद्धप्रिया लातूरला एका खासगी दवाखान्यात नर्स होती. मुलगी तिच्याजवळ. अश्वजित मुखेडला खोली करून राहायचा आणि शनिवारी दुपारची बस धरून लातूरला जायचा. मुलगी लहान होती तोवर शनिवारी दारात पळत यायची. नंतर नंतर ती नुसती मान वर करून "आलात?" म्हणायला लागली.

जागा निघाली ती एका मार्च महिन्यात. कॉम्प्युटर सायन्स, पूर्णवेळ, एकच पद. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी अश्वजितचं आधीच अभिनंदन करून टाकलं. "तुमच्याशिवाय हाय कोण इथं?" म्हणाले. मारोतीला फोनवर कळवलं. म्हातारा म्हणाला, "बाळा, आता येकदा परमनंट झालास की माझे डोळे मिटले तरी चालतील."

मुलाखत लातूरला संस्थेच्या कार्यालयात होती. बुद्धप्रियानं रात्रपाळी करून आल्यावर न झोपता त्याचा पांढरा शर्ट इस्त्री केला. "ते पोरांना उभं करायचं, ते तिथंबी करून दाखवा," ती म्हणाली. "तसं शिकवणारा दुसरा येणार न्हाई."

कार्यालयाबाहेरच्या बाकावर वीरेश बसलेला दिसला. अश्वजितच्या अगदी पहिल्या बॅचचा विद्यार्थी. हुशार, शांत, उदगीरच्या व्यापाऱ्याच्या घरातला. संस्थेचे सचिव अमृतराव त्याचे सख्खे मामा, हे सगळ्या कॉलेजाला माहीत होतं. सरांना बघताच तो उठला, वाकून पाया पडला.

"सर, मीबी अर्ज केलाय," तो खाली बघत म्हणाला.

"चांगलं केलास. सेट झाली ना तुझी?"

"हाव सर, गेल्या साली."

अश्वजितनं त्याच्या खांद्यावर थाप दिली. आत नाव पुकारलं गेलं.

टेबलामागं मधोमध अमृतराव आणि दोन्ही बाजूंना बाहेरून आलेले दोन तज्ज्ञ होते. कोणताही विषय घ्या, दहा मिनिटं शिकवा, असं सांगितलं. अश्वजितनं भिंतीकडच्या तीन रिकाम्या खुर्च्या ओढून एकामागं एक मांडल्या आणि व्हरांड्यातला तास सुरू केला. डावीकडचे तज्ज्ञ पुढं सरसावून बसले, हसलेही. तेवढ्यात अमृतरावांचा फोन वाजला. कुणाच्या तरी लग्नाचं मंगल कार्यालय ठरत होतं. अश्वजित दुसऱ्या खुर्चीवर हात ठेवून थांबला.

"चालू द्या, चालू द्या," अमृतराव फोनवर हात ठेवत म्हणाले.

त्यानं पुन्हा पहिल्या खुर्चीपासून सुरुवात केली. ऐंशी मार्कांची मुलगी पहिल्या पहारेकऱ्यापाशी आली, आणि "बास, छान," म्हणून अमृतरावांनी हात वर केला. "कुठल्या गावचे तुम्ही? बरं. आपल्याकडं बरीच वर्षं झाली की तुम्हाला! पोरं नाव काढतात."

या शेवटच्या वाक्यावर अश्वजित महिनाभर जगला. बसमध्ये, खोलीवर, स्वयंपाक करता करता तो ते मनात घोळवायचा. पोरं नाव काढतात. सचिवांनी स्वतःच्या तोंडानं म्हटलं.

मग प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. वीरेशची ऑर्डर निघाली होती. प्राचार्य वाईट माणूस नव्हता. त्यानं चहा मागवला, टेबलाच्या काचेवरची धूळ बोटानं पुसली आणि म्हणाला, "नरवाडे, आता पूर्णवेळ माणूस आला म्हटल्यावर तासिकेवाल्याला द्यायला तासांचा लोडच उरत न्हाई. तुम्ही समजून घ्या." अश्वजितनं समजून घेतलं. चहा पिऊन, कप बशीत नीट ठेवून तो बाहेर पडला.

बुद्धप्रिया पेटून उठली. "असं कसं सोडून देता? विद्यापीठाकडं तक्रार करा. बाबासाहेबांनी शिकून गप बसायला सांगितलंय का?"

"काय लिहू तक्रारीत? त्याच्याकडंबी सेट हाय. त्याला मीच शिकवलंय. माझा विद्यार्थी कच्चा हाय म्हणून लिहू?"

"तुमच्यापेक्षा चांगला हाय का, ते लिहा."

"ते त्यांनी विचारलंच न्हाई," तो म्हणाला.

खोली सोडायच्या आदल्या दिवशी, तो भांडी पोत्यात भरत असताना, वीरेश दारात आला. आत ये म्हटलं तरी उंबऱ्यातच उभा राहिला.

"सर, मामा आधी काहीच बोलले नव्हते. अर्ज कर, एवढंच म्हणाले."

"बस."

"मी न्हाई म्हणायला पायजे होतं का?"

अश्वजितनं भांडी भरणं थांबवलं नाही. "तू न्हाई म्हणाला असतास तर दुसरा कुणी आला असता. बस तू."

वीरेश चटईवर बसला. मोबाईल हातात फिरवत म्हणाला, "सर, जूनमध्ये पहिला तास हाय. मला बोलाया जमंल का न्हाई, कळंना झालंय."

आणि अश्वजितनं त्याला सगळं सांगितलं. पोरं कुठं अडतात, कुठं मान डोलावतात पण कळलेलं नसतं. एक बरोबरचं चिन्ह म्हणजे किंमत ठेवणं आणि दोन म्हणजे विचारणं, इथं थांबायचं, वरच्या वर्गातली पोरं हसली तरी पुढं पळायचं नाही. इफच्या अटीनंतर चुकून अर्धविराम पडला तर अट खोटी असली तरी खालची ओळ चालतेच, ही चूक पोरांना आधी करू द्यायची, मग दाखवायची. खेड्यातल्या मुली वर्गात प्रश्न विचारत नाहीत, त्यांच्या बाकाजवळ जाऊन उभं राहायचं. वीरेश मोबाईलवर टिपून घेत होता. दिवेलागण झाली तेव्हा तो उठला, पुन्हा पाया पडला.

तो गेल्यावर अश्वजितला राग आला. वीरेशचा नाही, मामाचाही नाही. आपण इतक्या मनापासून का सांगत बसलो, याचा.

लातुरात त्यानं एका दुकानाच्या वर खोली भाड्यानं घेऊन जावाचा क्लास काढला. पण या गावात राज्यभरातून पोरं येतात ती डॉक्टर व्हायला. जिकडंतिकडं त्याच शिकवण्या, त्यांचेच फलक. जी चार पोरं त्याच्याकडं आली त्यांतला एक तिसऱ्या दिवशी मोबाईल पुढं करत म्हणाला, "सर, ह्याला सांगितलं की हाच अख्खा प्रोग्राम लिहून देऊन राहिला. मग हे आपण कशाला शिकायचं?" अश्वजितजवळ उत्तर होतं. पण ते समजावून सांगायला व्हरांडा हवा होता, भरलेला वर्ग हवा होता, आणि मुख्य म्हणजे स्वतःचा त्यावर विश्वास हवा होता. दिवाळीआधी क्लास बंद झाला.

आता तो एका होस्टेलवर रेक्टर आहे. सकाळ-दुपार हजेरी घेतो, मेसमधल्या भाजीची भांडणं सोडवतो, आईबापांचे फोन घेतो. पोरं त्यालाही सर म्हणतात. तिकडं गावात मारोती अजून लोकांना सांगतो, माझा पोरगा कॉलेजात प्रोफेसर हाय. अश्वजितनं त्याला खरं सांगितलेलं नाही आणि आता सांगणारही नाही.

मागच्या उन्हाळ्यात देगलूरकडच्या एका कॉलेजाची जाहिरात आली. बुद्धप्रियानंच पाहिली, तिनंच अर्ज भरला. मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा तिनं पुन्हा शर्ट इस्त्री करून दारामागं टांगला. अश्वजित सकाळी तो घालून निघाला. स्टँडवर देगलूरची गाडी लागलेली होती. तो फलाटाच्या बाकावर बसला. माणसं चढली, कंडक्टरनं आत-बाहेर बघून घंटी मारली, गाडी मागं झाली आणि निघून गेली. कुणी त्याला अडवलं नव्हतं. त्यालाच उठावंसं वाटलं नाही.

थोडा वेळ बसून तो होस्टेलवर गेला आणि दुपारची हजेरी त्यानंच घेतली.

संध्याकाळी बुद्धप्रिया ड्यूटीवरून आली. चपला काढता काढता तिनं विचारलं, "कसं झालं?"

"बरं झालं," तो म्हणाला.

तिनं त्याच्याकडं पाहिलं. होस्टेलच्या किल्ल्यांचा जुडगा अजून त्याच्या हातातच होता. ती आत गेली आणि पीठ मळायला बसली.