बाबांनी जुळवलेले गप्पी मासे

माझ्या पीएचडीच्या प्रबंधातलं चौथं प्रकरण बाबांमुळे बिघडलं आणि बाबांमुळेच पास झालं. माशांतलं त्यांना काहीही कळत नाही. आमच्या घरात मासा ताटातही कधी आला नाही.

बाबा नागपूरचे. सरकारी नोकरीपायी भोपाळला आले ते इथलेच झाले. तुलसी नगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये रविवारी सकाळी मराठी मंडळींची रीघ लागते, कारण भोपाळमधल्या लग्नाच्या मुला-मुलींची नोंदवही बाबांकडे असते. उंची, गोत्र, नोकरी आणि शेवटी शेरा. शेरा बाबा स्वतः लिहितात आणि तो कुणाला दाखवत नाहीत. ताईचं लग्नही याच वहीतून झालं. शेरा होता ‘योग्य’. दोन वर्षांनी ताई दोन सुटकेसा घेऊन हबीबगंज स्टेशनवर उतरली आणि तेव्हापासून आमच्यातच आहे. आई त्याआधीच गेली होती. स्टेशनचं नाव मध्ये बदललं, पण आमच्याकडे त्या दिवसाबद्दल अजून कुणी अवाक्षर काढत नाही.

मी अभ्यास करत होते गप्पी माशांचा. यांच्यात मादी करडी, दिसायला अगदी साधी, आणि नर मात्र अंगभर नारिंगी-काळे ठिपके मिरवत फिरतो, कारण मादीला ते आवडतं. ती निवडते, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या रंग वाढतो. आता हा रंग देणारी बरीच जनुकं नराच्या वाय गुणसूत्रावर किंवा त्याच्या आसपास मुक्कामाला असतात. नराला शोभणारा भडकपणा मादीच्या अंगात आला तर तिच्या काही कामाचा नाही, शत्रूच्या नजरेत भरायची ती. म्हणून तो बापाकडून मुलाकडेच जावा अशी सोय झाली असावी, असा एक विचार आहे. थोडक्यात, बायकांची आवडनिवड पुरुषांच्या गुणसूत्राला घडवते का, हे मला पाहायचं होतं.

त्यासाठी दोन गट केले. पहिल्यात मादीला पाच-सहा नरांतून निवडू द्यायचं. दुसऱ्यात निवड बंद: चिठ्ठ्या टाकायच्या, जी जोडी निघेल ती बरणीत सोडायची. पिल्लं मोठी झाली की नर-माद्या वेगळ्या करायच्या आणि पुन्हा चिठ्ठ्या. दोन्ही गटांची जनुकं शेवटी शेजारी ठेवून पाहायची, एवढाच सगळा डाव.

आमच्या प्रयोगशाळेत वायरिंगचं काम निघालं आणि निम्म्या टाक्या ठेवायला जागा उरली नाही. मी चिठ्ठीवाला गट घरी आणला. बाल्कनीत टाक्या लागल्या, बिट्टन मार्केटमधून काचेच्या बरण्या आल्या. वायरिंग दोन महिन्यांचं म्हणाले होते, ते वर्षाच्या वर चाललं. मला दुसऱ्या गटापायी दिवसभर तिकडेच राहावं लागे, तेव्हा चिठ्ठ्या काढायचं काम बाबांनी आपणहून मागून घेतलं.

मी त्यांना नियम समजावले. एका टाकीतली पिल्लं भावंडं, त्यांची जोडी लावायची नाही.

“म्हणजे सगोत्र,” बाबा म्हणाले. “ते मला नको सांगू.”

एवढ्या चटकन कळलं म्हणून मी निर्धास्त झाले. इथेच माझी अक्कल गहाण पडली.

वर्षभर सगळं सुरळीत होतं. बाबा वेळेवर खाणं घालत, पाणी बदलत, प्रत्येक पिढीचे फोटो मला पाठवत. मग मी सगळ्या फोटोंतलं नारिंगी मोजायला घेतलं. चिठ्ठीच्या गटात काही नर भडक, काही फिके, काही मधले, असे सगळे नमुने राहायला हवे होते. दुसऱ्या पिढीत भडक नर कमी झाले. तिसऱ्या पिढीत जेमतेम दोन-चार उरले. बाकी सगळे मध्यम बांध्याचे, फिकट, सरळ पोहणारे, एकाच सरकारी खात्यात चिकटल्यासारखे नर. आणि चौथ्या पिढीत अचानक नारिंगी परत डोकावलेलं.

मी घरी येऊन विचारलं, “बाबा, चिठ्ठ्या कुठे आहेत?”

बाबा पेपर वाचत होते. “चिठ्ठ्या काही काढल्या नाहीत.”

“म्हणजे?”

“चिठ्ठी टाकून का कुणी पोरगी देतं?”

मग त्यांनी कपाटातून एक रजिस्टर काढलं, हुबेहूब त्यांच्या त्या वहीसारखं आखलेलं. मी उभ्या उभ्या वाचलं. ‘नर, टाकी ४. अंगाने बरा. शेपटी फार. मिरवणारा वाटतो. नकार.’ ‘नर, टाकी २. रंग बेताचा. जेवण वेळेवर. कुणाच्या अध्यात ना मध्यात. योग्य.’ ‘मादी, टाकी ५. गुणी. जरा उशिरा जेवते, तेवढं चालवून घेणारा पाहावा.’ अशी तीन पिढ्यांची शंभरेक लग्नं बाबांनी माझ्या नाकाखाली लावली होती.

मी फार ओरडले. “माझं वर्ष मातीत घातलंत तुम्ही!”

“वर्ष काय घेऊन बसलीस? एकही जोडी भांडली नाही, ते नाही दिसलं तुला?”

“मासे भांडत नाहीत, बाबा!”

“टाकी तीनमधला भांडायचा. त्याला मी दिलीच नाही.”

ताई आतून ऐकत होती. ती बाहेर येऊन इतकंच म्हणाली, “फिके नर पसंत करायची यांची जुनी खोड आहे.” आणि कुकर लावायला निघून गेली. बाबांनी पेपर पुन्हा उचलला, पण तो उलटा होता.

त्या रजिस्टरात एक गोष्ट मला कळेना. शेवटच्या, म्हणजे तिसऱ्या वेळच्या जोड्या लावल्या त्या पानांवर उजव्या कडेला लाल पेनने एक जास्तीचा रकाना आखला होता. त्याला नाव नव्हतं. आत नुसत्या बरोबरच्या खुणा आणि फुल्या. “हे काय आहे?” मी विचारलं. बाबांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि म्हणाले, “ते असंच.” पुढे मी आणखी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तेच उत्तर मिळालं.

माझ्या गाइड मॅडमना मी रडत रडत रजिस्टर दाखवलं. त्या हिंदीभाषक, त्यांना मी प्रत्येक शेरा भाषांतर करून सांगितला. ‘मिरवणारा’ला त्या हसल्या आणि मग हसायच्या थांबेनात. शेवटी म्हणाल्या, “छुपाना मत. यह तीसरा ग्रुप है. पिताजी का ग्रुप.” चिठ्ठीवाला गट मी राखीव माशांतून पुन्हा उभा केला आणि या खेपेला चिठ्ठ्या माझ्या हाताने काढल्या. त्यात मूळचे सगळे रंग टिकले. बाबांच्या गटाचं चौथं प्रकरण झालं. त्यात मी लिहिलं की माद्यांऐवजी एका माणसाने नर निवडले. भडक नर दोन पिढ्यांत मागे पडले, त्यांच्या वाय गुणसूत्राचे काही प्रकार जवळजवळ संपले आणि नंतर वाढले. का वाढले, ते मला माहीत नव्हतं. तसंच लिहिलं.

तोंडी परीक्षेला बाबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या रांगेत बसले. शेजारी ताई, तिच्या मांडीवर ते रजिस्टर. बाहेरगावचे परीक्षक थेट चौथ्या प्रकरणावर आले. आलेखावर बोट ठेवून म्हणाले, “यह ऊपर क्यों गया? इसका जवाब नहीं होगा तो मैं यह चैप्टर नहीं मान सकता.” म्हणजे पदवी लांबली. मी काहीबाही बोलू लागले, तेवढ्यात मागे खुर्ची सरकली.

“साहब, वो मैं बताता हूँ,” बाबा उभे राहिले. “सिलेक्टर मैं ही हूँ.”

सगळे वळले. परीक्षकांनी चष्मा काढला.

बाबांनी समजावलं. तिसऱ्या वेळी त्यांनी नराला लहान काचेच्या भांड्यात ठेवून ते भांडं मादीच्या बरणीत दिवसभर सोडलं. ती काचेपाशी आली तर लाल रकान्यात बरोबर. तोंड फिरवून बसली तर फुली, स्थळ रद्द. मग टाकीतून दुसरा नर, मग तिसरा. “मेरे पसंद के सब उन्होंने रिजेक्ट किए,” बाबा जरा दुखावल्या आवाजात म्हणाले. “जो दो-चार रंगीन बचे थे, वही चाहिए थे सबको.”

हॉलमध्ये हशा पिकला. परीक्षकही हसले. मग त्यांनी विचारलं, “लेकिन तीसरी बार में पूछना क्यों शुरू किया?”

“घर में एक बार नहीं पूछा था,” बाबा म्हणाले आणि खाली बसले.

परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. तो कोणता होता, मला अजिबात आठवत नाही. उत्तर बरोबर दिलं असावं, कारण मी पास झाले.

नंतर व्हरांड्यात समोसे आले. ताईने समोसा घेतला नाही. ती रजिस्टर उघडून लाल रकान्यावरून बोट फिरवत होती. बाबा तिच्याजवळ जाऊन कागदी प्लेट धरून उभे राहिले.

“मला विचारलं असतं,” ताई वर न बघता म्हणाली, “तर मी फुली मारली असती, बाबा.”

“माहीत आहे,” बाबा म्हणाले. “तेव्हाही दिसत होतं.”