फुफ्फुसावरची पपई

डॉक्टरसाहेबांनी एक्स-रे व्ह्यू-बॉक्सवर लावला, उजव्या फुफ्फुसातल्या गोल फिकट डागाकडे बराच वेळ पाहिलं आणि नागपूरच्या कॅन्सर हॉस्पिटलसाठी चिठ्ठी लिहायला घेतली. पेशंट श्यामराव, राजेगावचे शेतकरी. महिनाभराचा खोकला, तीस वर्षांची बिडी. डागाचं ऐकून ते बाहेर बाकावर जाऊन बसले होते, शेजारी त्यांची बायको सुमनबाई पिशवी मांडीवर घट्ट धरून. नागपूरची बस दोनला होती.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बालाघाटच्या एका खाजगी दवाखान्यात मी एक्स-रे टेक्निशियन होते. तो डाग मला काही पटेना. फारच सुबक होता, कंपासने काढल्यासारखा. फिल्म उतरवून मी खिडकीशी तिरपी धरली. सगळीकडे चकाकी होती, डागावर नव्हती. बोट फिरवलं तर तिथे चक्क खड्डा लागला. छातीतला डाग असा बोटाला लागत नाही.

"साहेब, चिठ्ठी थांबवा. फिल्म खराब आहे."

"कशानं?"

आता माझी चूक सांगणं भाग होतं. धुतलेली फिल्म ओली असते, ती टांगून वाळवतात. डार्करूममध्ये वाऱ्याचा पत्ता नाही, म्हणून मी स्टँड ड्रेसिंग रूमच्या खिडकीत ठेवला होता. तिथेच मीरा सिस्टर सडक्या जखमांवर लावायला कच्ची पपई चिरत असत.

"चीक थोडा उडा तो था," दारात उभ्या सिस्टर हळूच म्हणाल्या.

साहेबांना पटेना. "पपई सडकं मांस खाते, जिवंत मांसाले हात लावत नाही, अन् फिल्म खाऊन राह्यली म्हणता?"

"फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो, साहेब. जनावराच्या हाडा-कातड्याचा. त्याच्यात जीव कुठं आहे?"

साहेब असे हसले की टेबलावरचा स्टेथोस्कोप खाली पडला. मला त्यांनी नंतर सोपं करून सांगितलं ते असं. पपईच्या चिकात प्रोटीएज असतं, म्हणजे प्रथिनं कापणारी कात्री. आपल्या अंगातही अशा कात्र्या असतात. जखम भरताना त्या मेलेला भाग कापून काढतात, मग त्यांना आवरायला इनहिबिटर लागतात. ते कमी पडले तर नवं मांस धरत नाही. कॅन्सरची गाठ याच कात्र्या मोकाट सोडते आणि शेजारच्या मांसात घुसते. रक्तात आवरणारे असतात. बिचाऱ्या फिल्मला आवरणारं कोणी नव्हतं.

दुसरा एक्स-रे काढायचा तर लाईट गेलेली. "तोवर चीक फिल्म खाते का, अन् रक्त त्याले आवरते का, ते करूनच पाहू," साहेब म्हणाले. बाहेरचे पेशंट ते विसरलेच. श्यामरावांचं सकाळी काढलेलं रक्त नळीत गोठून वर पिवळसर पाणी आलं होतं, त्याला सीरम म्हणतात. एक काळी पडलेली रद्दी फिल्म ओली केली. एका बाजूला नुसता चीक, दुसरीकडे सीरममध्ये मिसळलेला चीक. आम्ही तिघं त्या दोन थेंबांवर ओणवे झालो.

पाव तासाने फिल्म नळाखाली धरली. नुसत्या चिकाच्या जागी स्वच्छ गोल डाग, हुबेहूब तस्साच. सीरमवाली जागा काळीच्या काळी. मीरा सिस्टरनी टाळ्या वाजवल्या. मला तर नाचावंसं वाटत होतं.

पण खात्री नव्या फिल्मशिवाय होणार नव्हती. पाऊणला लाईट आली. एक्स-रे काढला, डार्करूममध्येच रजिस्टरने वारा घालून वाळवला. फुफ्फुस स्वच्छ होतं. साहेबांनी चिठ्ठी फाडली. खोकला साध्या ब्राँकायटिसचा निघाला. त्या दिवसापासून मी कुठलीही फिल्म आधी बोटाने तपासते, मग डोळ्याने, आणि स्टँड डार्करूमच्या बाहेर काढत नाही.

दोघांना आत बोलावून श्यामरावांना सगळं समजावून सांगितलं. ते हसले नाहीत. चेहरा अगदी गंभीर.

"साहेब, मी आत्ताच देवाले नवस बोललो होतो. डाग गेला त बिडी सोडीन म्हणून. पण डाग त पपईचा निघाला. मंग नवस फेडा लागते का?"

साहेब काही बोलायच्या आत सुमनबाईंनी नवऱ्याच्या खिशात हात घालून बिडीचं बंडल काढलं.

"देवाले थोडीच सांगतलं होतं डाग कायचा आहे म्हणून," त्या म्हणाल्या. "डाग गेला ना?"