भावाचा उपवास

कराडच्या कोर्टात वारस दाखल्यासाठी मी खेटे घालत होतो आणि सगळ्या जगावर वैतागलो होतो. त्या दिवशी व्हरांड्यातल्या बाकावर शेजारी एक पन्नाशीचा माणूस बसला होता. टोपी गुडघ्यावर ठेवून तो तिची घडी पुन्हा पुन्हा हाताने सरळ करत होता.

त्याच्या वकीलबाईंशी चाललेल्या बोलण्यातून कळलं ते असं. नागपंचमीच्या आदल्या दिवशी याच्या गावच्या स्टँडवर बहिणीच्या दिराचं डोकं कुणीतरी फोडलं होतं. दिरानं जुन्या रागातून याचं नाव घेतलं होतं.

"मामा, तुम्ही त्या वेळी घरी होतात, हाच आपला बचाव. पण बघितलं कुणी?"

"बायकू पंचमीला म्हायेरी गेलती. घरात मी आन् बहीण, दोघंच. भावाचा उपास हुता तिचा."

"मग त्यांनाच साक्षीला आणा. नाहीतर शिक्षा होईल."

त्याचा हात टोपीवर थांबला.

"आवं मॅडम, दिराच्या इरुद्ध बोलून ती शिराळ्याला कुठल्या तोंडानं नांदायला जाईल? माझ्यासाठी उपाशी ऱ्हायली, तेवढं लय झालं."

"मग कोर्टात सांगू काय?"

"घरी हुतो म्हणा. संगं कोण हुतं, ते म्हणू नगा."

पुकारा झाला. टोपी घालून तो आत गेला. निकाल मला कधीच कळला नाही.

यंदा पंचमीच्या आदल्या दिवशी सांगलीहून बहिणीचा फोन आला, "आज तुझ्या नावाचा उपवास आहे हं." दरवर्षी मी म्हणतो, "कसली ही खुळं!" यंदा म्हणवलं नाही.