सहाव्या आठवड्याचा ठपका

प्रयोगशाळेत तिला सगळे घड्याळबाई म्हणत. सव्वीस वर्षं तिचं काम एकच: उबवणीच्या कपाटातली कोंबडीची अंडी ठरल्या तासाला बाहेर काढायची, कवचाला बारीक खिडकी पाडायची आणि आतला जीव प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमच्या सूक्ष्मदर्शकाखाली द्यायचा. बहात्तराव्या तासाचं अंडं चौऱ्याहत्तराव्या तासाला निघालं, की ती समोरच्याला असं फैलावर घेई की डॉक्टरेटवाल्यांचीही बोलती बंद व्हायची.

मॅडमचा विषय तिला ऐकून ऐकून पाठ झाला होता. हातपाय घडवणारं जनुक कोंबडीत तेच, सापात तेच, माणसातही तेच. ते कुठे, कधी चालू होतं आणि किती वेळ चालतं, यातच सगळी गंमत. त्याला चालू करणारं बटण सापाच्या पूर्वजांत पिढ्यानपिढ्या बिघडत गेलं आणि पाय गेले ते गेलेच. "वेळ चुकली की घडण चुकली," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सुनावायची. हे अर्धंच खरं होतं. पण तिच्या कपाटात वेडंवाकडं पिल्लू निघालं, की कुणीतरी दार उघडं टाकलेलं असायचं, नाहीतर उष्णता वाढवून ठेवलेली. गुन्हेगार दरवेळी सापडायचाच.

मग तिला नात झाली. दोन्ही हातांना सहा-सहा बोटं, अंगठ्याला चिकटून आणखी एक अंगठा. दवाखान्याच्या खोलीत सून अर्धमेली पडलेली, मुलगा खिडकीशी उभा, आणि आजीबाई बोटांवर आठवडे मोजत बसलेल्या.

"हात सहाव्या आठवड्यात घडतात," ती सुनेला म्हणाली. "तेव्हाच ताप होता ना तुला? नको नको म्हणत असताना बहिणीकडे गेलीस."

"आई, पुरे," मुलगा म्हणाला.

"मनाचं सांगतेय का मी? रोजचं काम आहे माझं."

तिथेच घात झाला. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर सुनेने एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून दिलं असतं. पण सासूच्या कामाचं तिला भारी कौतुक होतं. तिने ते खरं धरलं आणि लेकीचे हात लांब बाह्यांत झाकायला लागली.

दोन वर्षांनी पुन्हा दिवस राहिले. सहाव्याच आठवड्यात तिला सडकून ताप भरला. कुणाला न सांगता ती एकटीच दवाखान्यात गेली आणि गर्भ पाडून मोकळी होऊन आली. "आणखी एकाचं वाटोळं नको माझ्या हातून," एवढंच नवऱ्याला म्हणाली. हे कळल्यावर घड्याळबाईला वाईट वाटलं; पण सून शहाणी निघाली असंही वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

मॅडमच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी डोक्याला हात लावला. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायला लावलं.

"तेच बटण आहे, बाई," अहवाल आल्यावर त्या म्हणाल्या. "त्याच्या डीएनएतलं एक अक्षर बदललंय. तापाचा काही संबंध नाही. नातीला मुलाकडून आलं आणि मुलाला तुमच्याकडून."

"आमची बोटं तर पाचच आहेत!"

"हा बदल कुणात दिसतो, कुणात नाही. तुमचा अंगठा बघा. पेरं किती?"

तीन होती. दोन हवीत. जन्मभर पिल्लांची पेरं मोजणाऱ्या बाईने स्वतःची कधी मोजलीच नव्हती.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सून लेकीची नखं कापत होती. घड्याळबाईने उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. "तुझा दोष नव्हता गं. माझ्याकडूनच आलंय."

"म्हणजे तापाने काहीच झालं नसतं?"

"नाही."

"मग दुसरं नीट असतं?"

"निम्मी शक्यता होती."

सुनेने पोरीचा पंजा आपल्या हातात धरला होता. तिने त्याची बोटं एकेक करून मोजली.

"आणि नसतं नीट, तरी सहाच बोटं असती ना, आई?"

घड्याळबाईने खाली बसून पोरीची लांब बाही कोपरापर्यंत दुमडली.