शनिवारचा दवाखाना

“मेंटल शे ती. दर शनवारले दवाखानामा जास.”

मी स्टाफरूमच्या दाराबाहेर होते. हातात रंगीत खडूंचा डबा. आत चहा चालला होता. कपांचा आवाज येत होता.

मग आमच्या शाळेच्या संस्थाचालक मॅडम बोलल्या. “तिला कसलं डिप्रेशन? नवापूरकडच्या डोंगरातली माणसं ती. ढोल वाजला की नाचायचं, दोन घोट घ्यायचे, झोपायचं. हे श्रीमंतांचे आजार या लोकांना कुठून लागले?”

सगळ्या हसल्या. हसणं थांबल्यावर तो पहिलाच आवाज पुन्हा आला. “रडस ती तठे. तासभर रडस. बाई नुसती ऐकस.”

तो आवाज सरोजताईंचा होता.

दवाखान्यातल्या त्या खोलीत मी रडते, हे फक्त दोघींना माहीत होतं. समुपदेशक बाईंना. आणि सरोजताईंना.

मी खडूंचा डबा घेऊन वर्गावर गेले. मुलांना झाड काढायला सांगितलं. एका मुलीने झाडाला निळी पानं काढली. “छान,” म्हटलं. आवाज नीट निघाला, याचंच मला नवल वाटलं.

सरोजताई शहाद्याकडच्या. तापीकाठची शेती, घरात नोकऱ्या. शाळेत मी आले तेव्हा माझ्याशेजारी डबा उघडून बसणाऱ्या त्या एकट्याच. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर अर्धी मोडून माझ्या डब्यात टाकायच्या. मी बोलत नाही याचा त्यांना राग येत नव्हता. दोघींच्या वाटचं त्याच बोलायच्या.

एकदा पालकसभा होती. समोर पालक, मी उभी, आणि तोंडातून शब्दच निघेना. मी बाहेर पळाले. नळापाशी सरोजताई मागून आल्या. पाठीवर हात ठेवला.

“मले सांग. मी तुन्ही मोठी बहीण शे.”

मी सांगितलं. सहा वर्षांची असताना घरापासून लांब, इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळेत गेले. तिथे इंग्रजी शिकले आणि गप्प बसायलाही शिकले. गप्प बसणं अजून सुटत नाही. म्हणून शनिवारी अर्धी शाळा सुटली की मी दवाखान्यात समुपदेशक बाईंकडे जाते.

सरोजताईंनी खूप प्रश्न विचारले. झोपाडतस का? शॉक देतस का? आयुष्यभर गोळ्या खाव्या लागतात ना? मनातलं सगळं काढून घेतात म्हणे?

मला हसू आलं. “दोन खुर्च्या असतात, ताई. बाई विचारतात, मी बोलते. कधीकधी बोलतच नाही. मग रडते. त्या थांबतात.”

“नुसतं बोलाले दवाखानामा जास? मन्हाशी बोल ना. फुकटमा!”

दोघी हसलो. मला तेव्हा ते खरंही वाटलं होतं. मैत्रीण असताना बाईंची काय गरज? त्या खोलीचं दार का बंद असतं, ते मला स्टाफरूमच्या दाराबाहेर कळलं.

त्या खोलीत मी काय बोलते, ते इथे लिहिणार नाही. ते माझं आहे.

स्टाफरूममधलं ऐकलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मॅडमनी ऑफिसात बोलावलं. ऑफिसच्या बाहेरच्या भिंतीवर माझ्याच हातचा चार्ट होता. मनाच्या आरोग्यावर. सुंदर इंग्रजीत मी लिहिलं होतं: बोला, मदत मागा, लाजू नका. मॅडमनी त्याचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकला होता. ‘आमच्या मिसचं इंग्लिश बघा.’

“लहान मुलांचा वर्ग आहे तुझ्याकडे,” त्या म्हणाल्या. “उद्या काही केलंस तर?”

“मी काय केलंय, मॅडम?”

“अजून नाही.”

मॅडमनी समोरची वही मिटली.

“हे बघ, तुझं इंग्लिश चांगलं म्हणून ठेवलंय तुला. नाहीतर तुमच्यातल्या मुलीला या शाळेत कोण घेतं? ते जाणं बंद कर. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांग, बंद केलं म्हणून. विषय संपला. नाहीतर पहिलीचा वर्ग सरोजला देते.”

म्हणजे माझं इंग्रजी शाळेला हवं होतं. ज्या शाळेत ते शिकले, तिथलं बाकीचं सगळं मी पोटात ठेवायचं होतं.

सरोजताई व्हरांड्यातच उभ्या होत्या. माझा हात धरला. “मी तुन्हा भलासाठेच सांगं वो. म्हण ना, बंद कयं म्हणून. कोण देखाले जास?”

मी हात सोडवून घेतला. तेवढंच जमलं.

आधीही एकदा माझं गुपित फुटलं होतं. घरच्याच माणसाकडून. आमचं कुटुंब ख्रिस्ती. रविवारी पत्र्याच्या शेडमध्ये प्रार्थना होते. तिथे साक्ष द्यायची रीत आहे. ज्याला काही सांगायचं, तो चपला काढून पुढे उभा राहतो आणि स्वतःच्या तोंडाने सांगतो. पीक गेलं, नवरा पितो, पोरगं बरं झालं. सगळे ऐकतात. लहानपणापासून मी ते बघत आले. मी कधीच उभी राहिले नाही.

एका रविवारी आई उभी राहिली. आमच्या बोलीत म्हणाली, “माझी मुलगी वेड्यांच्या डॉक्टरकडे जाते. तिच्या डोक्यात काहीतरी शिरलंय. प्रार्थना करा.” सगळ्यांनी वळून बघितलं. मग म्हाताऱ्या बायका आल्या आणि एकेकीने माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला तिथून उठून पळायचं होतं.

“मला विचारायचं तरी,” घरी आल्यावर मी आईला म्हटलं.

“देवापासून काय लपवायचं?”

मी जेवले नाही. ती माझं ताट झाकून बसून राहिली.

आई चुकली होती. मला वेड लागलेलं नाही, डोक्यात काही शिरलेलंही नाही, आणि माझी गोष्ट तिने सांगायची नव्हती. तो राग अजून आहे. पण तिने सांगितलं तेव्हा मी तिथे बसलेली होते. ती माझ्याकडे बघून बोलली होती. बोलताना रडली होती. मला कुणी हसलं नव्हतं.

सरोजताईंनी कप हातात धरून सांगितलं.

शुक्रवारी सगळ्या शिक्षिका पाचवीच्या वर्गात बसल्या. मॅडम टेबलापाशी. सहलीचं झालं, गणवेशाचं झालं. मग त्या गोड आवाजात म्हणाल्या, “आपल्या पहिलीच्या मिसना काही सांगायचंय.”

सरोजताईंनी कोपराने ढोसलं. “म्हण, म्हण. एक वाक्य शे.”

खरंच, एकच वाक्य होतं. बंद केलं. म्हटलं असतं तर वर्ग माझाच राहिला असता. शनिवारी गुपचूप गेलेही असते.

मी उभी राहिले. पुन्हा तीच पालकसभा. माझ्या पायांनी आपोआप चपला सोडल्या. फरशी थंड लागली. पत्र्याच्या शेडमधली माणसं उभी राहायची तशी मी पुढचा बाक धरून उभी राहिले.

“इंग्लिशमध्ये बोल,” मॅडम हसत म्हणाल्या.

मी मराठीत बोलले.

“मी दर शनिवारी समुपदेशक बाईंकडे जाते. तिथे मी रडते. उद्याही जाणार आहे. पहिलीचा वर्ग मी सोडत नाही. मॅडम, तुम्हाला तो काढायचा असेल तर मुलांच्या आई-बापांना बोलवा आणि कारण सांगा, मी समोर असताना. सरोजताई, त्या दिवशी तुम्हीही या. मी नसताना जे सांगितलंत, ते माझ्या तोंडाकडे बघून सांगा.”