बोल्टवरचा चार

माझ्या सासऱ्यांना सगळे मिस्तरी म्हणत. सासूबाईसुद्धा. सैन्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं त्यांनी रायफली दुरुस्त केल्या. निवृत्तीनंतर लोक जुनी शस्त्रं पारखायला त्यांच्याकडे आणू लागले. नकली माल त्यांना वासावरून कळतो, असं म्हणत. "वास कसला डोंबल," मिस्तरी म्हणायचे, "स्क्रू बघायचा. लबाडाला घाई असते, तो खाच खराब करून ठेवतो."

एका सकाळी संग्रहालयाच्या प्रमुख बाईंचा फोन आला. सहा वर्षांपूर्वी एका शिक्षिकेने वडिलांची रायफल संग्रहालयाला दिली होती. वडील निवृत्त होताना पलटणीने तिची नळी बुजवून ती पत्रासकट त्यांना भेट दिली होती. 'सर्व भाग मूळचे' असा दाखला मिस्तरींनीच दिला होता. आता एका संग्राहकाने त्यात खोट काढली होती. बोल्टवरच्या, म्हणजे गोळी नळीत सारणाऱ्या सरकत्या भागावरच्या, क्रमांकातला चार नळीवरच्या चारपेक्षा वेगळ्या वळणाचा, म्हणून रायफल सुट्या भागांतून जुळवलेली, असं त्याचं म्हणणं. शिक्षिकाबाईंनी ते ऐकल्यापासून संग्रहालयात पाऊल टाकलं नव्हतं.

मिस्तरींनी चहा तसाच ठेवला. "माझंच चुकलं असलं तर?"

"तर चुकलं म्हणून सांगा," सासूबाई म्हणाल्या. "आधी बघून तर या."

त्यांना बारीक अक्षर दिसत नसे, म्हणून मी बरोबर गेले. संग्रहालयाच्या मागच्या खोलीत टेबलावर रायफल ठेवली होती. मिस्तरींनी बोल्ट मागे ओढून काढला आणि माझ्या हातात भिंग दिलं. चार खरंच वेगळा होता. नळीवरचा बंद डोक्याचा, बोल्टवरचा उघडा. मिस्तरींचा चेहरा उतरला.

"पुसून बघ," ते हळूच म्हणाले. "बोल्टच्या दांड्याच्या मुळाशी."

मी चिंधीला तेल लावून जुनं चिकट ग्रीस पुसलं. खाली एक नखाएवढा त्रिकोण होता, त्यात दोन आकडे. मी ते वाचून दाखवले. मिस्तरींनी त्यावरून बोट फिरवलं.

"आमच्या कारखान्याचा शिक्का," ते म्हणाले. "बोल्ट झिजला की नवा घालायचो आणि रायफलीचाच क्रमांक हाताने ठोकायचो. आमच्या ठशांतला चार उघडाच होता. आणि हे दोन आकडे म्हणजे साल. भेटीच्या पत्राच्या नऊ वर्षं आधीचं."

प्रमुख बाईंनी पत्र काढून ताडून पाहिलं. नळीवरचा क्रमांक आणि पत्रातला क्रमांक एकच होता. रायफल खरी होती, फक्त पलटणीत असताना तिचा बोल्ट बदलला होता.

"पण दाखला चुकीचा आहे," मिस्तरी म्हणाले. "तेव्हा मी हे ग्रीस पुसलं नाही. नवा कागद द्या." आणि त्यांनी लिहिलं: बोल्ट मूळचा नाही, सैन्याच्या कारखान्यात बदललेला.

तिथून आम्ही थेट शिक्षिकाबाईंच्या घरी गेलो. मिस्तरींनी आधी माफी मागितली, मग सगळं सांगितलं.

"बाबा सांगायचे," बाई म्हणाल्या, "एकदा रायफल दोन महिने दुरुस्तीला गेली होती, त्यांना दुसरीच घेऊन हिंडावं लागलं. मला वाटलं, हे कुणाला सांगण्यासारखं नसेल."

"हेच तर सांगायचं होतं, बाई," मिस्तरी म्हणाले, आणि दोघंही हसले.

परतताना बसमध्ये ते खिडकीला डोकं टेकून झोपले. आमचा थांबा येऊन गेला, तरी मी त्यांना उठवलं नाही.